परदेशांतील पहिलें विवरणपत्र

ठाण्याच्या नौपाड्यांत, कल्याणच्या टिळक चौकांत किंवा डोंबिवलीच्या टिळकनगरांत आज असें घर विरळा, कीं ज्यांतील एखादा मुलगा, मुलगी, पुतण्या किंवा भाची परदेशीं नाहीं. एकदां व्हिसाचा शिक्का पडला, कीं घरांत जी धांवपळ सुरू होते ती आमच्या वाचकांस सांगावयास नको. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला यांच्या पुड्या बांधल्या जातात. लोंकरीचे कपडे, औषधें आणि प्रेशर कुकर यांचें वजन दहा वेळां करून पाहिलें जातें. कुलदेवतेस जाऊन येणें होतें. या सर्व तयारींत एका गोष्टीची तयारी मात्र सहसा कोणी करीत नाहीं, आणि ती म्हणजे हिशेबाची. मग परदेशीं पहिला हिंवाळा सरूं लागतो, तिकडील सरकारास प्राप्तिकराचें विवरणपत्र भरून देण्याची वेळ येते, आणि एके दिवशीं सकाळीं चिरंजीवांचा फोन येतो: "बाबा, आपल्या कोणकोणत्या खात्यांवर माझें नांव लावलेलें आहे?"

हा प्रश्न ऐकून घरोघरचे वडील गोंधळतात, कांहीं रागावतातही. पैसा आपला, बँक आपल्या गल्लींतली, मग त्याची विचारपूस सातासमुद्रांपलीकडील सरकारानें कां करावी, असें त्यांना वाटतें, आणि तसें वाटणें अगदीं स्वाभाविक आहे. या वेळीं आम्ही याच विषयाचा थोडा विस्तारानें विचार करणार आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं परदेशांतील पहिलें विवरणपत्र मुलाला एकट्यानें भरतां येत नाहीं. त्यांतला अर्धा हिशेब घरच्या कपाटांत असतो, आणि घरच्यांनीं तो वेळेवर काढून दिला नाहीं तर त्याचें प्रायश्चित्त मुलाला घ्यावें लागतें. आमच्या भागांतील बहुतेक मुलें अमेरिकेस जातात, म्हणून विवेचन मुख्यत: त्याच देशास धरून केलें आहे.

कल्याणशीं अमेरिकेचें नातें जुनें आहे. १८६५ सालीं कल्याणास जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं वैद्यकीच्या शिक्षणासाठीं तिकडे गेल्या आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन परतल्या. अन्न, थंडी, धर्म, पोशाख यांविषयींच्या शेंकडों प्रश्नांना त्यांना तोंड द्यावें लागलें. परंतु प्राप्तिकराचा प्रश्न त्यांच्यापुढें आला नाहीं, कारण यादवी युद्धाच्या काळांत बसविलेला हा कर अमेरिकेनें १८७२ सालीं उठविला होता. हल्लींचा कर तेथें १९१३ सालीं सुरू झाला, आणि '१०४०' या अंकानें ओळखला जाणारा फॉर्म त्याच वर्षाच्या उत्पन्नासाठीं प्रथम निघाला. आपल्याकडे तर १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठीं जेम्स विल्सन यांनीं १८६० सालींच हा कर आणला होता. तेव्हां कर भरणें ही गोष्ट आम्हांस नवी नाहीं. दोन देशांत खरा फरक आहे तो 'कर कोणाचा' या प्रश्नाच्या उत्तरांत.

आपल्या १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यानें 'हिंदु अविभक्त कुटुंब' हा एक स्वतंत्र करदाता मानिला. १९६१ च्या कायद्यानें तीच रीत चालविली. आणि १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलाची तारीख ठरली त्या २०२५ च्या नव्या कायद्यांतही ती कायम आहे. अमेरिकेच्या कायद्यास असें कुटुंब ठाऊक नाहीं. त्याला व्यक्ति ठाऊक आहे, आणि फार तर नवराबायकोचें जोडपें. आपल्या घरांत पैसा 'घरचा' असतो; तिकडील फॉर्मांत तो कोणाचा तरी एकाचा असावा लागतो. पहिल्या विवरणपत्राच्या वेळीं जे गोंधळ होतात, त्यांतले बहुतेक या एका भेदांतून निघतात.

परंतु खात्यांकडे वळण्यापूर्वीं तारखेची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती मुलगा विमानांत बसण्यापूर्वींच ठरून जाते. आपलें हिशेबी वर्ष १ एप्रिलला सुरू होतें व ३१ मार्चला संपतें. अमेरिकेचें १ जानेवारीला सुरू होतें व ३१ डिसेंबरला संपतें. आपल्या कायद्याप्रमाणें जो त्या वर्षांत १८२ किंवा अधिक दिवस भारतांत राहिला तो 'निवासी', आणि निवाशाचें जगांत कोठेंही मिळालेलें उत्पन्न येथें करपात्र. नोकरीसाठीं परदेशीं जाणाऱ्या भारतीय नागरिकास त्या वर्षापुरती १८२ दिवसांचीच कसोटी लागते. आतां एच-१बी व्हिसावर जाणाऱ्या पुष्कळ मुलांची नोकरी १ ऑक्टोबरला सुरू होते. असा मुलगा ३० सप्टेंबरला निघाला तर एप्रिलपासून त्याचे भारतांतील दिवस भरतात १८३, आणि तो त्या संपूर्ण वर्षासाठीं येथील निवासी ठरतो. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतचा अमेरिकेंतील पगार त्याला येथेंही दाखवावा लागतो, आणि तेथें उघडलेलें बँकखातेंही येथील विवरणपत्रांत नोंदवावें लागतें. तोच मुलगा २८ सप्टेंबरला निघाला, तर निघण्याचा दिवस धरूनही १८१ दिवस होतात व तो अनिवासी ठरतो. दोन दिवसांचा हा फरक! एच-१बी व्हिसावर नोकरीच्या आधीं दहा दिवसांपर्यंत तेथें प्रवेश करतां येतो. तेव्हां पितृपक्ष आणि नवरात्र पाहून तिकीट काढणाऱ्यांनीं हेंही पंचांग पाहावें. ज्याची तारीख चुकली त्यानेंही घाबरून जाऊं नये. १९८९ च्या भारत-अमेरिका करारामुळें तिकडे भरलेला कर येथील करांतून वजा मागतां येतो. मात्र त्यासाठीं ठराविक फॉर्म वेळेंत भरावा लागतो, आणि येथील कर अधिक असेल तर वरचा फरक द्यावा लागतो.

अमेरिकेची दिवस मोजण्याची तऱ्हा वेगळी आहे. चालू वर्षांत निदान ३१ दिवस, आणि चालू वर्षाचे सर्व दिवस, गेल्या वर्षाचे एकतृतीयांश व त्यामागील वर्षाचे एकषष्ठांश मिळून १८३ दिवस भरले, म्हणजे माणूस तेथील करनिवासी होतो. आमच्या ऑक्टोबरांत गेलेल्या मुलाचे पहिल्या वर्षीं ९२ दिवस होतात. म्हणून त्याचें पहिलें विवरणपत्र सामान्यत: अनिवाशाचें, म्हणजे '१०४०-एनआर' हें असतें, त्यांत केवळ तेथील उत्पन्न दाखवावें लागतें. दुसऱ्या वर्षाच्या १ जानेवारीपासून तो निवासी होतो, आणि तेथून पुढें डोंबिवलींतील व्याजही त्याच्या फॉर्मांत जातें. पत्नी बरोबर असेल तर कांहीं अटींवर पहिल्याच वर्षीं दोघांस निवासी मानून एकत्र विवरणपत्र भरण्याची सोय आहे. तींत वजावट मोठी मिळते. २०२५ सालीं ती जोडप्यास ३१,५०० डॉलर होती. परंतु मग जानेवारी ते सप्टेंबर या काळांतील भारतांतला पगार, आणि सूनबाईंच्या नांवचें येथील व्याजसुद्धां, त्या फॉर्मांत लिहावें लागतें. एच-४ व्हिसावर गेलेल्या सूनबाईंस सोशल सिक्युरिटीचा क्रमांक नसला तर 'डब्ल्यू-७' फॉर्म भरून करापुरता वेगळा क्रमांक काढावा लागतो. कोणता मार्ग स्वस्त पडतो हें दोन्ही रीतींनीं आंकडे मांडूनच ठरवावें.

शिकावयास गेलेल्या मुलामुलींचें प्रकरण आणखी निराळें. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याचे पहिल्या पांच वर्षांचे दिवस मोजलेच जात नाहींत. तो तेथें कितीही काळ राहिला तरी त्या पांच वर्षांत अनिवासीच. उत्पन्न कांहीं नसलें तरी '८८४३' क्रमांकाचा एक लहानसा फॉर्म त्यानें दरवर्षीं पाठवावा. विद्यापीठांत थोडीबहुत नोकरी केली असेल तर १०४०-एनआर भरावा. भारतीय विद्यार्थ्यास एकविसाव्या कलमामुळें तेथील निवाशांस मिळणारी ठराविक वजावट अनिवासी असूनही घेतां येते. ही सवलत फार थोड्या देशांच्या विद्यार्थ्यांस आहे. खोलींतल्या मित्रानें भरला तसाच फॉर्म आपणही भरावा, या न्यायानें पुष्कळ विद्यार्थी निवाशाचा फॉर्म भरून मोकळे होतात आणि पुढें व्हिसा बदलतांना तें निस्तरीत बसतात. मित्राचा व्हिसा आणि वर्षें आपल्यासारखीं आहेत कीं नाहींत हें आधीं पाहावें.

आतां खात्यांविषयीं. आपल्या घरांत मुलगा सज्ञान झाला कीं वडील त्याचें नांव आपल्या ठेवींवर दुसरें म्हणून लावतात. यांत हेतु स्वच्छ असतो: उद्यां आपलें बरेंवाईट झालें तर बँकेंत खेटे घालावे लागूं नयेत. आजोबांची जनता सहकारी बँकेंतील मुदतीची ठेव, आईचें पोस्टांतील मासिक प्राप्तीचें खातें, आत्याबाईंची एक ठेव, सोसायटीच्या कामासाठीं उघडलेलें एखादें खातें, अशा पांचसहा ठिकाणीं त्याचें नांव असतें आणि त्याला स्वत:ला त्यांतलीं दोन देखील ठाऊक नसतात. एक ना धड भाराभर चिंध्या, म्हणतात तसा हा संसार. येथें राहणाऱ्यास त्याचा उपद्रव नाहीं. परंतु अमेरिकेचा निवासी झालेल्या मुलानें वर्षांत कोणत्याही दिवशीं आपल्या सर्व परदेशी खात्यांतील रकमांची बेरीज १०,००० डॉलरांच्या वर गेली असेल, तर त्या प्रत्येक खात्याची माहिती तेथील अर्थखात्यास कळविलीच पाहिजे, असा नियम आहे. त्याचें मूळ १९७० च्या एका कायद्यांत आहे. या पत्रकाला तिकडील लोक 'एफबार' म्हणतात. त्याची मुदत १५ एप्रिल. ती न मागतां १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते.

येथें तीन गोष्टी नीट ध्यानांत घ्याव्या. पहिली, १०,००० डॉलर ही मर्यादा सर्व खात्यांच्या बेरजेस आहे. डॉलरचा भाव पंचाऐंशी रुपये धरला तर ती साडेआठ लाखांची होते. वडिलांबरोबरची सहा लाखांची ठेव, आईबरोबरचे दोन लाख आणि मुलाच्या स्वत:च्या बचतखात्यांतील एक लाख, एवढ्यानेंच ती ओलांडली जाते. दुसरी, संयुक्त खात्यांतील संपूर्ण रक्कम मुलाच्या पत्रकांत येते, निम्मी नव्हे. पैसा सगळा वडिलांचा असला तरी खातें लिहावेंच लागतें. इतकेंच काय, खात्यावर नांव नसून केवळ सही करण्याचा अधिकार असला तरी तें मोजलें जातें. तिसरी गोष्ट मात्र धीर देणारी आहे: हें पत्रक माहितीचें आहे, कराचें नाहीं. खातें कळविल्यानें त्यांतील मुद्दलावर कर बसत नाहीं. व्याजावर कर लागतो तो ज्याचा पैसा त्याला. वडिलांच्या निवृत्तिवेतनांतून केलेल्या ठेवीचें व्याज वडिलांचें, आणि तें त्यांच्या येथील विवरणपत्रांत दिसत असलें म्हणजे तोच उत्तम पुरावा. कित्येक घरांत मुलाला 'तें कशाला लिहितोस, उगाच कर मागतील' असा उपदेश केला जातो. तो आईबापांनीं करूं नये. लिहिल्यानें होणारें नुकसान बहुधा शून्य असतें. न लिहिल्यानें होणारें मोठें असूं शकतें.

किती मोठें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अलेक्झांड्रू बिट्नर हे रुमानियांत जन्मलेले गृहस्थ १९८२ सालीं अमेरिकेस गेले, तेथील नागरिक झाले आणि १९९० सालीं मायदेशीं परतून व्यापारांत पडले. परदेशी खात्यांचीं पत्रकें द्यावीं लागतात हें आपणांस ठाऊक नव्हतें, असें त्यांचें म्हणणें होतें. पांच वर्षांच्या पत्रकांत मिळून २७२ खात्यांच्या नोंदी होत्या. सरकारनें प्रत्येकीस १०,००० डॉलर याप्रमाणें २७ लाख २० हजार डॉलर दंड मागितला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२३ च्या फेब्रुवारींत पांच विरुद्ध चार मतांनीं असा निकाल झाला, कीं अजाणतां झालेल्या चुकीचा दंड खात्यागणिक मोजावयाचा नसून पत्रकागणिक मोजावयाचा. दंड ५०,००० डॉलरांवर आला. सुटका झाली खरी, परंतु पन्नास हजार डॉलर हेही कांहीं थोडके नव्हेत. जाणूनबुजून लपविणारास तर याहून कितीतरी कडक शिक्षा आहे. दंड खात्यांतील रकमेच्या निम्म्यापर्यंत जाऊं शकतो.

आणि लपविणें हल्लीं शक्यही उरलेलें नाहीं. अमेरिकेनें २०१० सालीं 'फॅट्का' नांवाचा कायदा केला. ९ जुलै २०१५ रोजीं त्यासंबंधीं भारताशीं करार झाला. तेव्हांपासून आपल्या बँका खातेदारास 'तुम्ही दुसऱ्या एखाद्या देशाचे करनिवासी आहांत काय' असें विचारूं लागल्या, आणि तसें असल्यास खात्याची माहिती आपल्या सरकारमार्फत तिकडे जाऊं लागली. झांकली मूठ सव्वा लाखाची, ही आपली जुनी म्हण. परंतु या मुठीच्या आंत काय आहे हें आतां दोन्ही सरकारांना ठाऊक असतें; ठाऊक नसतें तें बहुधा घरच्याच माणसांना!

मुलाच्या स्वत:च्या पैशांविषयींही दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. तो अनिवासी झाला कीं त्याचें साधें बचतखातें 'एन्‌आर्‌ओ' प्रकारांत बदलून घ्यावें लागतें. त्यावरील व्याजांतून येथें तीस टक्के व वर अधिभार कापला जातो. परंतु करारांत व्याजावरील कराची मर्यादा १५ टक्के आहे, आणि तेथील निवासाचा सरकारी दाखला बँकेस दिला म्हणजे तिचा लाभ मिळतो. दुसऱ्या 'एन्‌आर्‌ई' खात्याचें व्याज येथें करमुक्त, म्हणून तें सर्वत्र करमुक्त असा समज आहे. तो खोटा आहे. अमेरिका त्यावर कर घेते. भविष्यनिर्वाहाच्या 'पीपीएफ' खात्याचीही तीच गत. तेथें त्याचें व्याज सामान्यत: करपात्र धरतात. म्युच्युअल फंडांचे नियम तर इतके जाचक आहेत, कीं प्रत्येक फंडासाठीं वेगळा फॉर्म भरण्याची पाळी येऊं शकते. ते ठेवावे कीं मोडावे हा विचार निवासी होण्यापूर्वीं करावा, नंतर नव्हे. याउलट स्वत:च्या नांवचा डोंबिवलीचा ब्लॉक किंवा कपाटांतले दागिने यांची नोंद या पत्रकांत करावी लागत नाहीं. ब्लॉक भाड्यानें दिला असेल तर भाडें मात्र दाखवावें लागतें.

ठाण्याच्या एका भगिनींनीं आम्हांस विचारलें आहे, कीं मुलगा दरमहा आम्हांला पैसे पाठवितो, तर तिकडे आम्हां दोघांस त्याच्या आश्रितांत धरतां येईल काय? नाहीं. आश्रित हा तेथील नागरिक किंवा निवासी, अथवा कॅनडा किंवा मेक्सिको येथील निवासी असावा लागतो. आईबाप मुलावर कितीही अवलंबून असले तरी ठाण्यास राहून ते त्या व्याख्येंत बसत नाहींत. मुलानें पाठविलेला पैसा ही देणगी. आपल्याकडे आईबापांस तीवर कर नाहीं. तेथें २०२५ सालीं एका व्यक्तीस वर्षांत १९,००० डॉलरपर्यंत दिल्यास निवाशानें कांहीं कळवावें लागत नसे. त्यावर दिल्यास वेगळें पत्रक द्यावें लागे, जरी बहुधा कर लागत नसे. उलट वडिलांनीं जुनें घर विकून मुलास एका वर्षांत १,००,००० डॉलरांहून अधिक पाठविले, तर मुलानें तेंही कळवावें. यांतही कर नाहीं, पण न कळविल्यास दंड जबर.

ज्या घरांत अविभक्त कुटुंबाच्या नांवचें खातें आहे त्यांनीं अधिक जपावें. कर्त्याबरोबर मुलाचीही त्यावर सही चालत असेल, तर तें खातें त्याच्या पत्रकांत येतें. आणि त्या मिळकतींतील त्याचा हिस्सा तिकडे कोणत्या सदरांत बसवावा, हें दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या माणसासच विचारावें. २००५ सालापासून मुलगीही मुलाप्रमाणेंच जन्मत: हिस्सेदार आहे, तेव्हां सासरीं गेलेली, आणि सासरहून न्यू जर्सीस गेलेली मुलगी या हिशेबाबाहेर आहे असें समजूं नये.

इतर देशांविषयीं थोडक्यांत सांगतों. इंग्लंडचें वर्ष ६ एप्रिलला सुरू होतें. १७५२ सालीं तेथें पंचांग बदललें त्याचा हा अवशेष. तेथील साध्या नोकरदाराचा कर पगारांतूनच जातो व पुष्कळांस विवरणपत्र भरावेंच लागत नाहीं. कॅनडांत मुदत ३० एप्रिलची. परदेशी मालमत्तेचें वेगळें पत्रक निवासाच्या पहिल्या वर्षीं माफ आहे. ऑस्ट्रेलियाचें वर्ष जुलैपासून जूनपर्यंत. दुबईस पगारावर कर नाहीं. परंतु येथील दिवसांची मोजणी तेथें जाणाऱ्यानेंही विसरूं नये. आणि जो परत येतो त्याला आपलें सरकारही तोच प्रश्न विचारतें. कांहीं वर्षांची सवलत संपून तो पूर्ण निवासी झाला, कीं परदेशांतील खातीं येथील विवरणपत्रांत लिहावीं लागतात. न लिहिल्यास २०१५ च्या कायद्यानें दहा लाख रुपये दंड होऊं शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, घरेंजमिनी सोडून, एकूण वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेस त्यांतून सूट मिळाली आहे, एवढेंच.

मग घरच्यांनीं करावें काय? आमची सूचना साधी आहे. मुलगा किंवा मुलगी निघण्यापूर्वीं एका रविवारीं सर्व पासबुकें व ठेवींच्या पावत्या काढून एक वही करावी. प्रत्येक खात्यापुढें बँक व शाखा, क्रमांक, नांवें कोणत्या क्रमानें आहेत, पैसा मूळ कोणाचा, आणि मुलाला सहीचा अधिकार आहे किंवा कसें, हें लिहावें. जेथें नांव केवळ पुढील सोयीसाठीं लावलें आहे तेथें तें काढून त्यास नॉमिनी करावें. नॉमिनीला पत्रकांत कांहीं दाखवावें लागत नाहीं, आणि वडिलांचा मूळ हेतुही साधतो. रोजच्या व्यवहारास दुसरी सही हवी असेल तर येथेंच राहणाऱ्या मुलीची किंवा सुनेची घ्यावी. पुढें दरवर्षीं जानेवारींत प्रत्येक खात्याची गेल्या वर्षांतील सर्वांत मोठी शिल्लक आणि जानेवारी ते डिसेंबरचें व्याज मुलास कळवावें. बँकेचा दाखला एप्रिल ते मार्चचा असतो. तो तसाच पाठविल्यानें भागत नाहीं, पासबुकावरून नवीन बेरीज करावी लागते. निवृत्त वडिलांना हें काम जड वाटूं नये. ज्यांनीं तीस वर्षें दुसऱ्यांच्या कचेऱ्यांतले मार्चअखेर निभावले, त्यांना घरचा एक डिसेंबरअखेर कठिण नाहीं.

पूर्वीं कळविण्याचें राहून गेलें असेल त्यांनीं तिकडील सरकारची नोटीस येण्याची वाट पाहूं नये. आपण होऊन चूक दुरुस्त करणारांसाठीं तेथें सौम्य मार्ग ठेवलेले आहेत. नोटीस आल्यावर ते बंद होतात. आंकडे वर्षोवर्षीं बदलतात, म्हणून भरण्यापूर्वीं त्या वर्षाचे नियम पाहावे, आणि प्रकरण गुंतागुंतीचें असेल तर जाणत्या हिशेबनिसाची फी देण्यास काटकसर करूं नये.

ही वही करतांना घरांत थोडी कुरबूर होईल, हें आम्ही जाणतों. धाकट्यास कळेल कीं थोरल्याच्या नांवावर ठेवी अधिक आहेत. आत्याबाईंना आपली ठेव चारचौघांत बोलली गेल्याचें वाईट वाटेल. तरीही ती करावी. एकत्र कुटुंबाची खरी पुंजी परस्परांवरचा विश्वास ही आहे, आणि त्या विश्वासास लेखी हिशेबानें धक्का लागत नाहीं. धक्का लागतो तो वडिलांच्या पश्चात्‌ सांपडलेल्या, कोणासच ठाऊक नसलेल्या पावत्यांनीं. परक्या सरकारनें विचारलेल्या प्रश्नाच्या निमित्तानें कां होईना, कोणाचें काय आहे हें घरांत एकदां सर्वांसमक्ष लिहिलें गेलें, तर मुलाचें विवरणपत्र बिनचूक भरलें जाईलच. शिवाय मागें राहिलेल्या आईबापांचें म्हातारपणही अधिक निर्धास्त होईल. दिवाळींत मुलें फोनवर भेटतील, तेव्हां फराळाच्या गोष्टींबरोबर या वहीचीही गोष्ट काढावी, म्हणजे जानेवारींत धांवपळ करावी लागणार नाहीं.